बारा शीटवरची माझी चूक

८ ऑगस्ट १९८८

ठाण्यात येऊन महिना झाला. वर्गात अजून एक वाक्य बोललेले नाही.

हजेरीचं जमलंय. सतरा नंबर आला की विजया म्हात्रे बाकाखालून गुडघा मारते, मी हात वर करते. वर्गात मुली दोनच, त्यामुळे बाक एकच. ती डोंबिवलीजवळच्या गावातून येते. तिला पहिल्या दिवशीच वहीत लिहून सांगितलं, मला ऐकू येत नाही. तिने खाली लिहिलं, "अजिबात?" मी लिहिलं, "अजिबात." तिने लिहिलं, "मग कानातल्या त्या वायरीतून काय येतं?"

आवाज येतो. बोलणं येत नाही. सहाव्या वर्षी मेंदूज्वर झाला तेव्हापासून.

तिच्याशिवाय कॉलेजात कुणाला माहीत नाही. अप्पांनी प्रवेशाच्या कागदांना जोडलेला डॉक्टरी दाखला म्हणतो: "किंचित कमी ऐकू येते, यंत्र लावल्यास अडचण नाही." तो त्यांनी गळ घालून तसा लिहून घेतला. खरं लिहिलं असतं तर स्थापत्य पदविकेला घेतलंच नसतं. नियमात 'शारीरिकदृष्ट्या सक्षम' आहे. कळलं तर प्रवेश जाईल आणि मी परत गेवराईला. मूकबधिर शाळेतून निघालेल्या मुलींसाठी तिथे पुढे काय असतं ते मला माहीत आहे. शिवणयंत्र.

१२ ऑगस्ट

अप्पांना पत्र. खोलीची हकीकत लिहिली. कोळीवाड्यात हिरामावशींच्या घराची मागची खोली, आठ फूट बाय नऊ. (मोजली. मावशी धा बाय धा सांगतात.) खिडकी खाडीकडे. ड्रॉइंग बोर्ड मांडला की दार पूर्ण उघडत नाही.

लिहिलं नाही ते: सुक्या मासळीचा वास पहिले आठ दिवस जेवणात यायचा. आता येत नाही. वास गेला की मी सरावले, सांगता येत नाही.

मावशींचे ओठ वाचायला सोपे. आयुष्यभर बाजारात ओरडून त्यांचं तोंड प्रत्येक शब्दाला पूर्ण उघडतं. शाळेत आमच्या बाई ओठ वाचायला शिकवताना तोंड करून दाखवायच्या, थेट तसं. अडचण शब्दांची. "कनाला" म्हणजे कशाला, हे चौथ्या वेळी कळलं.

माझ्या दिव्याचं बटण खोलीबाहेर आहे. दिवा दोनदा लुकलुकला की जेवण तयार. ही युक्ती मी सांगितलेली नव्हती.

२२ ऑगस्ट

वर्गाचा हिशेब, स्वतःसाठी:

गणित – फळ्यावर सगळं. अडचण नाही.

मेकॅनिक्स – सर इंग्रजीत बोलतात, पुस्तकाच्या बाहेर जात नाहीत. रात्री पुस्तक.

ड्रॉइंग – देशपांडे सर. (पुढे दे. सर.) मिशी वरच्या ओठावर उतरलेली, म्हणजे अर्धी अक्षरं गेली. उरलेली ते फळ्याकडे तोंड करून बोलतात. दुपारी तीननंतर ऊन त्यांच्या मागच्या खिडकीतून येतं, मग चेहरा काळाच दिसतो. एकूण वीस टक्के मिळतं. पण ड्रॉइंगमध्ये मला वीस पुरतात. कागद हा माझा विषय आहे.

दे. सरांनी आज माझी शीट नं. २ वर धरून वर्गाला दाखवली. काय म्हणाले ते कळलं नाही. विजयाने (पुढे वि.) लिहून दिलं: "म्हणाले, रेघ म्हणजे अशी. मागच्या बाकावरच्या पाटलाचं तोंड बघायला हवं होतंस."

२७ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. मावशींनी नवी हिरवी साडी नेसून मला ओढतच खाडीवर नेलं. बँड होता. मी मोठ्या ढोलाजवळ उभी राहिले, तिथे छातीच्या हाडात ठोके कळतात. मावशींनी नाचता नाचता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आयकू येतंय का गो?" मी छातीवर हात ठेवून दाखवला. त्यांनी बायकांना ओरडून काहीतरी सांगितलं, सगळ्या हसल्या. बरं हसणं होतं. बऱ्या-वाईट हसण्यातला फरक मला कळतो.

८ सप्टेंबर

नवीन शब्द: जीटी. ग्लास ट्रेसिंग. दोन टेबलांच्या कडांवर काच ठेवायची, खाली दिवा, काचेवर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. मग नुसतं गिरवायचं. सहा तासांची शीट चाळीस मिनिटांत. वि. म्हणते ठाणे-मुंबईत डिप्लोमाला आलेला प्रत्येक जण हेच करतो, सरांनीही केलं असणार.

शेवटच्या बाकावरचा पाटील मधल्या सुट्टीत आला. आतापर्यंत त्याने मला उद्देशून फक्त एक गोष्ट केलेली आहे. कानाला मूठ लावून "हॅलो, हॅलो, लाइन लागत नाय." आज बोटाने माझ्या शीटच्या गुंडाळीकडे दाखवून, हात जोडून उभा राहिला.

दिली. नाही म्हणायला वाक्य लागतं. हे एक कारण. दुसरं कारण असं की दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणाला माझ्याकडची एखादी गोष्ट हवी होती.

१७ सप्टेंबर

वि. चार दिवस नाही. घरी गौरी-गणपती. हजेरीला समोरच्या बाकावरचा सोळा नंबर हात खाली करतो तेव्हा मी वर करते. चुकले नाही.

शीट नं. ४ मिळाली. ब्रॅकेट, तीन दृश्यं, एक छेद. सायक्लोस्टाइल केलेला कागद, अक्षरं फुटलेली, पण वाचता येतं. छिद्राचा व्यास १६. सर बराच वेळ पाठमोरे बोलत होते. फळ्यावर काही लिहिलं नाही, म्हणजे महत्त्वाचं नसावं.

२१ सप्टेंबर

शीट ४ परवा पूर्ण झाली. आतापर्यंतची सगळ्यात चांगली. छेदाच्या तिरप्या रेघांमध्ये दोन मिलिमीटर अंतर, कुठेही ढळलेलं नाही.

पाटील घेऊन गेला. त्याच्याकडून इतरांकडे. आज परत आली, कडेला चहाचा अर्धा गोल. खोडता आला.

२६ सप्टेंबर

दे. सरांनी आज शीट ४ परत आणल्या. वाटल्या नाहीत. बारा शीट वेगळ्या काढून फळ्याच्या कडेला पिनांनी लावल्या, एकीखाली एक. मग लाल पेन्सिलीने प्रत्येकीवर त्याच जागी गोल केला.

छिद्र. बाराही शीटवर १६.

मग बोलले. चेहरा वर्गाकडे होता पण मला तो वाचायचं सुचलं नाही. वि. ने वहीत उतरवून दिलं, अक्षर वाकडं: "म्हणतात, छापील कागदात चूक होती. १६ नाही १८, हे मी वर्गात तोंडी सांगितलं, तीनदा सांगितलं. बाकीच्यांनी १८ काढलंय. या बारा जणांनी एकाच शीटवरून छापलंय. मूळ शीट कुणाची? तो उभा राहीपर्यंत बाराही जणांच्या टर्मवर्कवर सही नाही."

टर्मवर्कवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही.

कुणी उभं राहिलं नाही. पाटील बाकाकडे बघत होता. अकराही जण बाकाकडे बघत होते. त्या सगळ्यांनी १८ ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं, आणि तरी १६ गिरवलं. वि. ने मधल्या सुट्टीत विचारलं तेव्हा पाटील तिला म्हणाला, "हिच्या शीटवर होतं ना सोळा. हिची शीट कधी चुकते का?"

२७ सप्टेंबर

मुलं नाव सांगत नाहीत. दुसरा दिवस.

मी उभी राहिले तर सर विचारणार, तू तरी १६ का काढलंस. खरं उत्तर एकच आहे आणि ते दिलं की दाखला खोटा ठरतो.

वि. चा सल्ला, वहीत: "विसरले म्हण. फार तर पुन्हा काढायला लावतील. काय मरत नाय कोण."

बरोबर आहे. दोन वाक्यं तयार केली. "सर, मूळ शीट माझी. अठरा करायचं विसरले." संध्याकाळी खोलीत म्हणून पाहिली, गळ्यावर बोटं ठेवून, शाळेत शिकवलं होतं तसं. मावशी दारात उभ्या होत्या हे नंतर दिसलं. "सोताशीच बोलतंस कनाला?" मी सगळं सांगितलं. मला वाटतं इथे आल्यापासून एवढं सलग मी कुणाशीच बोललेले नाही.

मावशी ऐकून म्हणाल्या, "बाजारात मी मासली फडक्याखाली झाकून बसली तं गिऱ्हाईक काय म्हनंल? नासकी हाय म्हनंल."

मी म्हटलं, "आणि उघडी ठेवली तर?"

"तं घेनारा घेतो, नाय घेनारा नाक मुरडतो. पन बसाया तरी भेटतं."

मला पटलं नाही. त्यांना बाजारातून काढणारा कुणी प्राचार्य नाही.

२८ सप्टेंबर

सर आले. मी उभी राहिले. म्हटलं: सर, मूळ शीट माझी, अठरा करायचं विसरले.

माझा आवाज कसा येतो मला माहीत नाही. बाई सांगायच्या, सपाट येतो आणि शेवटी वर जातो. मागे कुणी हसलं असावं. वि. ने वळून ज्या नजरेने बघितलं त्यावरून.

सर खिडकीकडे वळले आणि काही बोलले. थांबले. वर्ग माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे प्रश्न होता. वि. चं पेन वहीवर टेकलेलं, पण एवढ्या शांततेत लिहायची तिलाही भीती वाटली. सर पाठमोरेच.

विसरले हे एकदाच वापरता येतं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो प्रश्न कळावा लागतो.

म्हटलं, "सर, विसरले नाही. ऐकू आलं नाही. आत्ताही आलं नाही. मला ऐकूच येत नाही."

सर वळले. त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी मान हलवली नाही. एरवी मी न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणून मान हलवते. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: "पहिल्या दिवसापासून?"

"हो सर."

लिहिलं: "मग शीट १ ते ३?"

"कागदावरून."

त्यांनी खडू ठेवला. खाली बस, अशी हाताने खूण केली.

बाहेर आल्यावर वि. ने लिहून दिलं, खिडकीकडे बघत सरांनी विचारलं होतं: "अठराच का करायला सांगितलं होतं, कारण सांग."

कारण! ब्रॅकेटमधून जाणारा बोल्ट १६ चा आहे. १६ च्या छिद्रात १६ चा बोल्ट जाईल कसा? दोन मिलिमीटर सूट हवीच. हे न ऐकताही कागदावर दिसत होतं. मी पाहिलं नाही. दाखल्याचं काय व्हायचं ते होईल, पण ही चूक कानांची नव्हती. माझी होती. अजून राग येतोय.

३० सप्टेंबर

प्राचार्यांचं बोलावणं. वडिलांना घेऊन या. अप्पांना तार केली.

बारा जणांना शीट ४ नव्याने काढायची शिक्षा, सरांच्या देखत, काच-दिवा नाही. पाटील माझ्या शेजारच्या बोर्डवर. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, "तू सांगायचं नव्हतंस. आम्ही मार खाल्ला असता." मी लिहिलं, "टर्मवर्क गेलं असतं." त्याने लिहिलं, "गेलं असतं तर गेलं असतं." मग खोडलं. त्याच्या छेदाच्या रेघा तिरप्या नाहीत, वाटेल तशा आहेत. एक काढून दाखवली.

६ ऑक्टोबर

अप्पांचं पत्र, तारेनंतरचं. "दाखला मी लिहवून घेतला, तो निभावायचं काम तुझ्या एकटीवर पडेल असं मला वाटलं नव्हतं. तू बोललीस ते योग्य की अयोग्य मला कळत नाही. रजा मिळाली की निघतो." एस.टी. डेपोत कारकून असून त्यांना स्वतःला एस.टी. लागते. बारा तास.

१३ ऑक्टोबर

अप्पा आले. प्राचार्यांच्या खोलीत अप्पांची टोपी मांडीवर, दे. सर भिंतीशी उभे, मी प्राचार्यांच्या समोर बसले, उजेड चांगला, त्यांना मिशी नाही. जवळजवळ सगळं मिळालं.

प्राचार्य: "तुम्ही संस्थेला खोटा दाखला दिलात."

अप्पा: "माझी चूक आहे साहेब. पोरीला शिक्षा नका देऊ. तिची एक शीट तरी बघा."

प्राचार्य: "शीट बघूनच तर हे सगळं झालं!"

दे. सर हसले. मग प्राचार्यही. अप्पांना कळेना हसावं की नाही. त्यांनी माझ्याकडे बघून आमची घरची खूण केली, हनुवटीला बोट. म्हणजे, काय चाललंय? मी खाली हात ठेवूनच उत्तर दिलं: थांबा.

ठरलं ते असं. प्रवेश आज रद्द होत नाही. खरी तपासणी करून नवा दाखला आणायचा. तो प्राचार्य वर, तंत्रशिक्षणाच्या कार्यालयात पाठवतील, सोबत दे. सरांचा अहवाल. उत्तर येईपर्यंत मी तात्पुरती विद्यार्थिनी. उत्तर 'नाही' आलं तर जाणार, 'हो' आलं तर राहणार. कधी येईल, कुणी सांगू शकत नाही.

दे. सरांनी दारातून बाहेर पडताना माझ्या समोर येऊन, मिशी वर करून, एकेक शब्द सावकाश उच्चारला. एवढ्या सावकाश की काहीच कळेना. शेवटी खिशातून कागद काढून लिहिलं: "अहवाल मी लिहीन. तू काम कर."

अप्पा रात्री मावशींकडे जेवले. बोंबील. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. चेहरा असा कोरा ठेवणं माझ्यात कुणाकडून आलंय ते कळलं.

१८ ऑक्टोबर

मुंबईला तपासणी. काचेची पेटी, कानावर जाड टोप्या, ऐकू आलं की बटण दाबायचं. फारसं दाबलं नाही.

आलेख दिला. आडव्या अक्षावर स्वराची उंची, उभ्यावर डेसिबल, वरून खाली वाढत जाणारे. माझी रेघ अगदी तळाशी, उजवा ९५, डावा १००. तंत्रज्ञाने दोन बिंदू चौकटीच्या रेघेवर नीट ठेवलेले नाहीत. खोलीत आल्यावर माझ्यासाठी प्रत काढली, शाईत. लपवायची गोष्ट इतकी सरळ रेघ असेल असं वाटलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

उत्तर नाही.

दे. सरांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूची चौकट आखलीय. जे तोंडी सांगतील ते आधी चौकटीत. पहिले दोन आठवडे विसरायचे. विसरले की मागून पाटील बाक वाजवतो, "सर, चौकट!" मला बाकाचं लाकूड थरथरलेलं कळतं. आता सगळा वर्ग चौकटीतूनच उतरवतो, वि. सुद्धा. तिचं म्हणणं, "तुझ्यामुळे मला ऐकायची गरजच उरली नाही."

मेकॅनिक्सच्या सरांनी मात्र काही बदललेलं नाही. पुस्तक आहे.

१६ जानेवारी १९८९

उत्तर नाही. प्राचार्यांच्या कारकुनाला विचारलं, त्याने हवेत फाइल वर वर जाताना दाखवली.

एक गोष्ट लिहून ठेवते. दे. सरांनी आज मला फळ्याशी बोलावून छेद समजावून सांगायला लावला. मी बोलले. सात-आठ मिनिटं. सुरुवातीला दोघे हसले, मग नाही. शेवटी मागच्या बाकावरून एकाने हात वर केला आणि प्रश्न विचारला. खालीच बघत विचारला, म्हणून कळला नाही. मी म्हटलं, "वर बघून विचार." त्याने विचारला. उत्तर दिलं.

मावशींना सांगितलं. "मंग मास्तरीन हो ना," म्हणाल्या. मी म्हटलं, मला इमारती काढायच्यात. "मंग माझं घर काढ आधी. धा बाय धाची खोली ठेव." आठ बाय नऊ आहे, हे मी पुन्हा सांगितलं. त्यांना मान्य नाही.

३ एप्रिल

टर्मवर्कवर सही झाली. बाराही जणांच्या. परीक्षेचं प्रवेशपत्र आलं, माझ्या पत्रावर शिक्का: तात्पुरते. लेखी परीक्षांची काळजी नाही. ड्रॉइंगची तोंडी आहे, बाहेरचे परीक्षक. त्यांना चौकट माहीत नाही.

२१ एप्रिल

तोंडी झाली.

परीक्षक पन्नाशीचे, चष्मा, पान खाल्लेलं, ओठ अजिबात हलत नाहीत. दे. सर माझ्या शेजारी वही घेऊन बसले. परीक्षकांनी हरकत घेतली, ती सरांनी मला वहीत उतरवून दाखवली, त्यांचं उत्तरही खाली.

"ही तोंडी परीक्षा आहे, देशपांडे. असं चालत नाही."

"उत्तरं ती तोंडीच देणार आहे. मी फक्त प्रश्न लिहितोय."

परीक्षकांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि सुरू केलं. सहा प्रश्न. चार पक्के. पाचवा अर्धा आला, जेवढा येत होता तेवढा सांगितला. सहावा, "माहीत नाही, सर." त्यांनी सहाव्यावर मान डोलावली. का ते कळलं नाही. मग माझ्या शीट एकेक उलटल्या. चौथीपाशी थांबले, तिथे लाल गोल अजून आहे आणि शेजारी नवी शीट जोडलेली. काही विचारलं नाही. गुण मांडले, कागद हाताने झाकून.

मला वाटलं संपलं. उठले. तेवढ्यात ते आणखी काही म्हणाले. सरांनी तेही लिहिलं, परीक्षेतलं नव्हतं तरी: "पुढच्या वर्षी बिल्डिंग ड्रॉइंग हिला कोण शिकवणार?"

वाटलं सर उत्तर देतील. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि पेनाला टोपण लावलं.

मी म्हटलं, "बिल्डिंग ड्रॉइंग देशपांडे सर घेतात."

जिन्यात आल्यावर लक्षात आलं की वरून पत्र अजून आलेलं नाही, आणि वाक्याच्या सुरुवातीला 'प्रवेश राहिला तर' असं म्हणायला हवं होतं. परत जाऊन दुरुस्ती केली नाही.